पेट्रोल किती सोडायचे? मोटारसायकलच्या फ्युएल ट्यूनरची कुळकथा

मोटारसायकलचा कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर बसवला, हवेचा डबा काढून तिथे उघडा फिल्टर लावला, की इंजिन पूर्वीपेक्षा जास्त हवा ओढते. पेट्रोल मात्र त्या हिशेबाने वाढतेच असे नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर हे प्रमाण साडेबारा-तेराच्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडे सढळ हाताने, ठेवावे लागते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण गॅरेजच्या भाषेत ‘लीन’ होते. मूठ पिळल्यावर गाडी क्षणभर अडखळते, मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि इंजिन नको तेवढे तापते. उलट पेट्रोल जास्त झाले, मिश्रण ‘रिच’ झाले, की प्लग काजळतो आणि अॅव्हरेज घसरते.

इंजेक्शनच्या गाडीत हे प्रमाण पुन्हा जुळवण्याचे साधन म्हणजे फ्युएल ट्यूनर. बाजारात त्याची तीन-चार रूपे मिळतात: स्क्रू फिरवायची पेटी, मॅप भरायची पिगीबॅक पेटी, चालता चालता स्वतः शिकणारी ऑटोट्यून, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले, म्हणजे ईसीयूतले, आकडेच बदलणारी फ्लॅश केबल. ही एकाच वस्तूची स्वस्त-महाग मॉडेले समजून निवड करणारा हमखास फसतो. प्रत्येक रूप वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीवर तोड म्हणून आलेले आहे. आपल्या गाडीत त्यातली कोणती अडचण आहे, हे कळले की निवडीचे निम्मे काम होते. त्यासाठी थोडे मागे, पार कार्बोरेटरपर्यंत, जावे लागते.

कार्बोरेटरमध्ये ट्यूनर वेगळा नव्हताच. पितळेचे दोन जेट, एक सुई आणि एक स्क्रू एवढ्यात सगळा कारभार. मूठ जेमतेम उघडी असताना पायलट जेट आणि स्क्रू पेट्रोल ठरवतात, मधल्या पट्ट्यात सुई, आणि मूठ पूर्ण पिळल्यावर मेन जेट. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि त्यातल्या एकीत छोटी क्लिप अडकवलेली असते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या पट्ट्यात पेट्रोल वाढते. इंग्लंडात १९२७ साली तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन ‘अमाल’ झाली. पुढची कित्येक दशके बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन आणि बुलेट या अमालवरच चालल्या. अमालच्या जेटवरचा आकडा म्हणजे त्यातून मिनिटाला किती घनसेंटीमीटर पेट्रोल वाहते ते, तर जपानी केहिनच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास. त्यामुळे एका कंपनीच्या ११० नंबरच्या जेटचा दुसरीच्या ११०शी काही संबंध नसतो. आज दुसऱ्याच्या गाडीचा मॅप डाउनलोड करून आपल्या गाडीत भरणारे जी चूक करतात, तिची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

जेट बरोबर आहे की नाही, हे प्लग सांगत असे. मूठ पूर्ण पिळून गाडी पळवायची, त्याच वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि प्लग खोलून पाहायचा. टोक चॉकलेटी असेल तर ठीक, काळे असेल तर रिच, पांढरेफटक असेल तर लीन. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये हा पांढरा रंग पाहायला फारसा वेळ मिळत नसे. तिथे पेट्रोल कमी पडून इंजिन तापले की पिस्टन चिकटलाच.

या मोकळ्या कारभाराला पहिले कुलूप लागले ते अमेरिकेत. मोटारसायकलींच्या धुरावरची तिथली संघराज्य पातळीवरची मर्यादा १९७८ पासून लागू झाली. कारखान्यांनी दोन गोष्टी केल्या. मिश्रण शक्य तितके लीन ठेवले, आणि ते कुणी बदलू नये म्हणून मिक्श्चर स्क्रूवर पितळेची छोटी टोपी ठोकून बसवली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जपानी गाड्यांच्या सुईला तर खाचा उरल्याच नाहीत. क्लिपला एकच जागा, म्हणजे सुई वरखाली करण्याचा प्रश्नच मिटला.

पण गाडीत बदल करणारे थांबले नव्हते. कॅलिफोर्नियात के अँड एन कंपनीचे कापडी फिल्टर मिळत होते. जपानी इंजिन-ट्यूनर पॉप्स योशिमुरांनी होंडाच्या चार सिलिंडरांच्या चार नळ्या एकाच सायलेन्सरमध्ये आणून वजन घटवले आणि ताकद वाढवली होती, आणि तसे पाइप आता सर्रास विकत मिळू लागले होते. हे सामान बसवले की आधीच लीन असलेली गाडी चालवण्याच्या लायकीची उरत नसे. ही गरज ओळखून मॉन्टाना राज्यातल्या मार्क डोबेक यांच्या डायनोजेट कंपनीने ‘जेट किट’ विकायला घेतले. त्या पाकिटात मोठे मेन जेट, खाचांची नवी सुई, क्लिपा, वॉशर आणि स्लाइडची स्प्रिंग असे, आणि सोबत बारीक ड्रिल बिट. ते बिट पितळेच्या टोपीला भोक पाडण्यासाठी. टोपीत एक स्क्रू पिळायचा, पकडीने ओढून टोपी काढायची, की खाली मिक्श्चर स्क्रू पुन्हा हाताशी. कायद्याने लावलेले कुलूप फोडायचे हत्यार मालाबरोबरच पुरवण्याचा हा रिवाज पुढे इंजेक्शनच्या युगातही टिकला, फक्त ड्रिल बिटाची जागा केबलने घेतली.

पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फवारण्याची कल्पना मोटारींकडून आली. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ यंत्रणा क्रायस्लरच्या काही गाड्यांवर बसवली, पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग भरवशाचे नव्हते. जर्मनीच्या बॉशने ते पेटंट वापरून १९६७ साली डी-जेट्रॉनिक बाजारात आणली आणि फोक्सवॅगन १६०० वर ती यशस्वी केली. मोटारसायकलीवर इंजेक्शन आणण्याचा पहिला मान कावासाकीकडे जातो. १९८० च्या झेड १००० क्लासिकमध्ये बॉशच्याच एल-जेट्रॉनिक पद्धतीवर बेतलेली यंत्रणा होती. पाठोपाठ टर्बोची लाट आली. होंडाची सीएक्स ५०० टर्बो १९८२ मध्ये इंजेक्शन घेऊनच अवतरली. चार जपानी कंपन्यांच्या टर्बो गाड्यांपैकी कार्बोरेटरवर राहिली ती एकट्या यामाहाची. बीएमडब्ल्यूने १९८३ मध्ये के १०० आणून इंजेक्शन रोजच्या वापराच्या गाडीपर्यंत पोहोचवले.

या यंत्रणेचे काम समजायला सोपे आहे. पंप पेट्रोलला तीन बारच्या आसपास दाब देतो. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी बारीक झडप. दाब ठरलेला असल्यामुळे किती पेट्रोल जाणार हे फक्त झडप किती वेळ उघडी राहते यावर ठरते, आणि तो वेळ ईसीयू ठरवतो. आयडलिंगला हा वेळ सुमारे दोन मिलिसेकंद असतो. ९,००० आरपीएमला क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्याला ६.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे फोर-स्ट्रोकच्या पूर्ण चक्राला १३.३. एका चक्राचे सगळे पेट्रोल एवढ्या वेळात आत जायला हवे. झडप या वेळाच्या ८०-८५ टक्क्यांहून जास्त उघडी ठेवायची वेळ आली, तर कुठलाही ट्यूनर उपयोगाचा नाही, मोठे इंजेक्टरच घालावे लागतात. मोठा बोअर किंवा टर्बो करून घेणारे ही आकडेमोड नेहमी पेटी विकत घेतल्यानंतर करतात.

सुरुवातीच्या ईसीयूत बदलण्यासारखे काहीच नसल्यामुळे ट्यूनिंग म्हणजे त्याला फसवणे एवढेच होते. एल-जेट्रॉनिक पद्धतीत आत येणारी हवा एका झडपेला ढकलते आणि ती झडप किती उघडली यावरून ईसीयू हवा मोजतो. तिची स्प्रिंग सैल केली की हवा जास्त आल्याचा भास होतो आणि पेट्रोल वाढते. दुसरा मार्ग रेग्युलेटर बदलून पेट्रोलचा दाब वाढवण्याचा. तिसरा सगळ्यात स्वस्त: तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर जोडायचा, मग ईसीयूला बाहेर कडाक्याची थंडी आहे असे वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. हा रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर प्लॅस्टिकच्या डबीत घालून ‘परफॉर्मन्स चिप’ या नावाने आजही ऑनलाइन विकला जातो. या उपायांचा दोष एकच: पेट्रोल वाढते ते सगळीकडे सारखे वाढते. गरज मधल्या पट्ट्यात असली तरी आयडलिंगही रिच होते.

खरा बदल इटलीतून आला. डुकाटीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ८५१ या गाडीवर वेबर-मारेल्लीची यंत्रणा घेतली. हवा मोजणारी झडप तिच्यात नव्हती. मूठ किती उघडी आहे आणि इंजिन किती आरपीएमवर आहे, या दोन गोष्टी पाहून ईसीयू तक्त्यातला आकडा उचलतो. हा तक्ता म्हणजेच ‘मॅप’, आणि तो एका ईप्रॉम चिपमध्ये साठवलेला असे. चिप सॉकेटात बसवलेली असल्यामुळे पेटी उघडून ती उपटता येई. मोकळ्या सायलेन्सरसाठी वेगळी चिप, रेससाठी वेगळी, असा धंदाच उभा राहिला. या चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते. तिच्यावर अतिनील दिवा वीस मिनिटे धरला की जुना तक्ता पुसला जातो आणि नवा लिहिता येतो. म्हणून भरलेल्या चिपच्या खिडकीवर न विसरता कागदी स्टिकर चिकटवत. पण तक्ता तयार करणारा एक आणि गाडी चालवणारा दुसरा, शिवाय गिऱ्हाइकाने सायलेन्सर पुन्हा बदलला की पुन्हा नवी चिप. डुकाटीच्या मोजक्या श्रीमंत गिऱ्हाइकांना हे परवडत होते. जपानी गाड्यांचे ईसीयू मात्र सीलबंद होते, त्यात सॉकेटही नव्हते.

आणि नेमक्या त्याच गाड्या इंजेक्शनकडे वळल्या. सुझुकीची टीएल १००० एस १९९७ मध्ये आली, जीएसएक्स-आर ७५० ला १९९८ मध्ये इंजेक्शन मिळाले, १९९९ मध्ये हायाबुसा आली, होंडाची ९२९ फायरब्लेड २००० मध्ये, यामाहाची आर-वन २००२ मध्ये. चार-पाच वर्षांत सगळी स्पोर्ट्‌स बाइकची पेठ कार्बोरेटर सोडून गेली. जेट किट विकणाऱ्यांपुढे धंदा बुडण्याचीच वेळ होती. डायनोजेटने त्यातून जी वाट काढली ती म्हणजे पॉवर कमांडर. सीलबंद ईसीयूला हात न लावता, ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसणारी ही पेटी. ईसीयूने पाठवलेला ‘पाच मिलिसेकंद उघड’ हा हुकूम ती अडवते, आपल्या तक्त्यात पाहते आणि तो वाढवून किंवा छाटून पुढे पाठवते. दुसऱ्याच्या पाठीवर बसून काम करणारी म्हणून ‘पिगीबॅक’.

पॉवर कमांडर थ्रीचा तक्ता कॉम्प्युटरवर उघडला की नऊ उभे रकाने दिसतात: मूठ ०, २, ५, १०, २०, ४०, ६०, ८० आणि १०० टक्के. आडव्या ओळी आरपीएमच्या. प्रत्येक चौकटीत एक आकडा, आणि तो टक्क्यांत. चौकटीत १० लिहिले की त्या ठिकाणी पाचाचे साडेपाच मिलिसेकंद होतात. उणे ४ लिहिले की ४.८. शून्य म्हणजे कंपनीचा हुकूम जसाच्या तसा. रकान्यांची वाटणी पाहण्यासारखी आहे: पहिल्या दहा टक्क्यांत चार रकाने, आणि शेवटच्या साठ टक्क्यांत तीनच. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ मुठीच्या पहिल्या पंचमांशातच चालते, हे ज्याने तक्ता आखला त्याला पक्के ठाऊक होते. पुढच्या पॉवर कमांडर फाइव्हमध्ये १५ टक्क्यांचा आणखी एक रकाना आला तोही याच भागात.

तक्ता भरायचा कसा, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. प्लगचा रंग पाहून शेकडो चौकटी भरता येत नाहीत. डायनोजेटने डायनोही बनवला होताच: जमिनीत बसवलेला जड रूळ, त्यावर मागचे चाक. इंजिन तो रूळ किती झपाट्याने फिरवते यावरून ताकद मोजायची आणि सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावून मिश्रण मोजायचे. एकेका मुठीला, एकेका आरपीएमला गाडी धरून चौकटी भरत जायचे काम सरावलेल्या माणसालाही दोन-तीन तास पुरते. डायनोवर आलेला हॉर्सपॉवरचा आकडा दुसऱ्या डायनोवरच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, कारण यंत्रे, हवामान आणि टायरचा दाबही वेगळे असतात. त्याच यंत्रावरचा आधीचा आणि नंतरचा आलेख तेवढा खरा. ट्यूनर निवडताना जवळपास कोणाकडे डायनो आहे आणि तो माणूस कोणत्या पेटीवर काम करतो, हा प्रश्न पेटीच्या किमतीच्या आधी विचारायला हवा. इतक्या वर्षांत हा क्रम बदललेला नाही.

ज्यांच्याजवळ डायनो नव्हता त्यांच्यासाठी दुसरी पेटी होती, आणि गंमत म्हणजे तीही डोबेक यांचीच. डायनोजेटबाहेर पडून त्यांनी टेकल्यूजन नावाने स्क्रूवाल्या पेट्या काढल्या. त्याच धर्तीची कोब्रा कंपनीची एफआय २००० ही पेटी क्रूझर गाड्यांवर भरपूर खपली. वर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे आणि स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे तीन पॉट: पहिला हलक्या मुठीसाठी, दुसरा मूठ झटकन पिळल्यावर, तिसरा पूर्ण उघड्या मुठीसाठी. तीन पॉट म्हणजे पायलट, सुई आणि मेन जेट यांचेच इलेक्ट्रॉनिक भाऊबंद. कॉम्प्युटरला घाबरणारा जुना मिस्त्री या पेटीवर अर्ध्या तासात तयार होत असे. नुसता सायलेन्सर बदललेल्या क्रूझरला एवढे पुरतेही. कॅम बदललेल्या इंजिनाला मात्र अशी पेटी कमी पडते, कारण कॅम एका आरपीएमला हवा वाढवतो आणि दुसऱ्याला घटवतो. पेटी फक्त वाढवू शकते, तेही जाड्या पट्ट्यांनी.

पिगीबॅकला धक्का दिला तो ऑक्सिजन सेन्सरने. सायलेन्सरच्या नळीतला हा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये व्होल्व्होच्या मोटारीवर प्रथम आणला, आणि युरोपात २००६ पासून युरो-३ लागू झाल्यावर तो मोटारसायकलींवर सर्रास दिसू लागला. साधा सेन्सर आकडा सांगत नाही. मिश्रण १४.७ च्या या बाजूला की त्या बाजूला, एवढेच तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या भाषेत सांगतो. त्याच्या जोरावर ईसीयू संथ चालीत सतत दुरुस्ती करत राहतो. पिगीबॅकने पेट्रोल पाच टक्के वाढवले की सेन्सर ‘रिच’ म्हणून ओरडतो आणि ईसीयू पाच टक्के काढून घेतो. एकाच घरात दोन जावा एकाच पातेल्यात मीठ घालत आणि काढत बसाव्यात, तसा प्रकार. त्यावर कंपन्यांनी सेन्सरच्या जागी लावायचे खोटे प्लग विकले, ते ईसीयूला सगळे आलबेल असल्याचे सांगत. दुसरा उपाय जास्त प्रामाणिक होता: नेमका आकडा सांगणारा वाइडबँड सेन्सर पेटीलाच जोडायचा, लक्ष्य १३.२ असे लिहून द्यायचे आणि पेटीने चालता चालता चौकटी स्वतः भरायच्या. ही ऑटोट्यून. ती डायनोची जागा पूर्णपणे घेत नाही, पण ज्याला डायनो जवळ नाही त्याला तीच बरी. सेन्सर सायलेन्सरच्या टोकाजवळ बसवला तर आयडलिंगला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पेटी चुकीचे शिकते, हे मात्र बसवणाऱ्याला माहीत हवे.

पुढचे कुलूप मुठीवरच बसले. यामाहाच्या आर-सिक्सवर २००६ मध्ये राइड-बाय-वायर आले. मूठ आणि थ्रॉटल यांच्यात आता केबल नाही. मूठ किती पिळली ते ईसीयूला कळते आणि थ्रॉटल किती उघडायचे ते ईसीयू ठरवतो. अनेक गाड्यांत खालच्या गिअरला आवाज आणि धूर आवरण्यासाठी तो मुद्दाम कमी उघडतो. इंजेक्टरपाशी बसलेल्या पिगीबॅकला याचा पत्ताच लागत नाही, मग तिने कितीही पेट्रोल ओतले तरी ती ताकद येत नाही. म्हणून ट्यूनर पुन्हा ईसीयूच्या आत वळला, डुकाटीच्या चिपच्या काळासारखा, फरक एवढाच की आता चिप उपटायची गरज नाही. ईसीयूतली फ्लॅश मेमरी डायग्नोस्टिक प्लगमधूनच वाचता आणि लिहिता येते. ट्रायम्फ आणि केटीएमसाठीचे ट्यूनईसीयू, जपानी गाड्यांसाठीचे वूलिच रेसिंग ही नावे यातूनच पुढे आली. फ्लॅशमध्ये पेट्रोल, स्पार्कची वेळ, थ्रॉटल, आरपीएमची मर्यादा, पंखा कधी लागायचा, सगळे हाताशी येते. पेटी लपवायला सीटखाली जागा लागत नाही. पण गाडी विकताना पेटी काढून दुसऱ्या गाडीला लावण्याची सोयही जाते. शिवाय सर्व्हिस सेंटरने नवे सॉफ्टवेअर चढवले की केलेले काम एका क्षणात पुसले जाते.

या धंद्याला सर्वांत मोठा दणका बसला तो हार्ले-डेव्हिडसनच्या निमित्ताने. हार्लेने १९९५ च्या इलेक्ट्रा ग्लाइडवर मारेल्लीचे इंजेक्शन घेतले, २००१ पासून डेल्फायचे, आणि २००७ पर्यंत सगळ्या गाड्या इंजेक्शनवर नेल्या. हार्लेवाल्यांची ‘स्टेज वन’ म्हणजे फिल्टर, सायलेन्सर आणि ट्यूनर हे त्रिकूट. सायलेन्सर बदलला नाही तर हार्ले घेतलीच कशाला, असा तिथला हिशेब. कंपनी स्वतःच स्क्रीमिन ईगल या नावाने ट्यूनर विकत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी कंपनीने तडजोड केली. २००८ पासून विकलेले सुमारे ३ लाख ४० हजार ट्यूनर धुराच्या मर्यादा ओलांडायला लावतात, असा संस्थेचा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य केला नाही, पण १ कोटी २० लाख डॉलर दंड भरायचा, असे ट्यूनर विकणे थांबवायचे आणि विक्रेत्यांकडचा माल परत घेऊन नष्ट करायचा, हे मान्य केले. त्यानंतर अमेरिकेतल्या ट्यूनरांच्या खोक्यांवर कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा क्रमांक हा विक्रीचा मुद्दा झाला. मंजूर ट्यूनरमध्ये बदलता येणाऱ्या चौकटी मोजक्या असतात, आणि पॉवर हवी असणारे त्याच्यावर नाक मुरडतात.

भारतात हा सगळा प्रवास उशिरा आणि एकदम घडला. पहिली इंजेक्शनची मोटारसायकल म्हणजे हीरो होंडाची २००६ ची ग्लॅमर एफआय, अॅव्हरेजसाठी घ्यायची १२५ सीसीची गाडी. तिच्यात बदल करायला कोण बसले होते? बदल करणाऱ्यांचे लक्ष वेधले ते पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये आणलेल्या पल्सर २२० डीटीएस-एफआयने. पण ती महाग पडली आणि बिघडली की गल्लीतल्या मिस्त्रीला काही सुचेना. बजाजने २००९ मध्ये हीच पल्सर कार्बोरेटर लावून परत आणली, आणि ती धो-धो चालली. तंत्रज्ञानात असे मागे पाऊल टाकून जिंकल्याची उदाहरणे फार नाहीत. दरम्यान यामाहाची आर-१५ २००८ मध्ये, रॉयल एनफिल्डची क्लासिक ५०० २००९ मध्ये इंजेक्शन घेऊन आली होती. चाकणच्या कारखान्यातून २०१२ मध्ये केटीएम २०० ड्यूक आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक बाहेर पडल्या. या गाड्यांनी कॉलेजातल्या पोरांच्या हातात ईसीयू दिला.

परदेशी पेट्या आयात करून त्यांच्यावर जेवढा खर्च होई, तेवढ्यात इथे जुनी मोटारसायकल येत असे. ही फट बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स कंपनीने भरली. तिची पॉवरट्रॉनिक ही पिगीबॅक पेटी आर-१५, ड्यूक, एनफिल्ड अशा भारतीय गाड्यांसाठीच बनवलेली, पेट्रोलबरोबर स्पार्कची वेळही बदलणारी आणि दोन मॅप साठवणारी. तिच्याच फ्युएलएक्स या मालिकेने कॉम्प्युटर न जोडता ऑक्सिजन सेन्सरच्या मार्गाने मिश्रण सुधारण्याचा सोपा पर्याय दिला. २०१७ च्या ३९० ड्यूकला राइड-बाय-वायर मिळाले, आणि पिगीबॅकची मर्यादा इथेही उघडी पडली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि शंभर सीसीच्या गाडीपर्यंत बहुतेक सगळ्यांना इंजेक्शन घ्यावे लागले. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डायग्नोस्टिक प्लग आता साध्या गाडीतही असतात. एखादा सेन्सर खोट्या प्लगने फसवला तर मीटरवर पिवळा दिवा पेटू शकतो. एप्रिल २०२३ पासून तपासणी आणखी कडक झाली. कायद्याची बाजू वेगळीच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची नोंदणीपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. प्रत्यक्षात नाक्यावर पकडला जातो तो सायलेन्सर. ट्यूनर सीटखाली दिसत नाही, पीयूसीच्या नळीला मात्र त्याचे काम दिसते. आयडलिंगच्या चौकटीत हात सैल सोडून पेट्रोल वाढवले असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर जातो. म्हणून सावध ट्यूनर पहिले दोन रकाने कंपनीचेच ठेवतात.

ताजी अडचण पेट्रोलचीच आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एक किलोला सुमारे ९ किलो. त्यामुळे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.१ आणि वीस टक्क्यांच्या पेट्रोलला सुमारे १३.५ असे प्रमाण पडते. देशभरातल्या पंपांवर २०२५ पर्यंत वीस टक्क्यांचे मिश्रण पोहोचले.  संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, पण मूठ पूर्ण पिळल्यावर ईसीयू सेन्सरकडे पाहत नाही, तक्त्यावरच चालतो. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवर डायनोवर भरलेला मॅप तिथे सुमारे चार टक्के लीन पडतो. स्क्रूवाल्या पेटीत हा फरक तिसऱ्या पॉटने भरून काढता येतो, पिगीबॅकमध्ये ८० आणि १०० च्या रकान्यांत ४ मिळवून. ऑटोट्यून ज्याने बसवली त्याची पेटी काही दिवसांत हे स्वतःच शिकते. फ्लॅश केलेली गाडी मात्र पुन्हा ट्यूनरकडे न्यावी लागते.